उंदीर सोडून देणारे बोरसे सर

माझ्या शेतातला उंदीर पिंजऱ्यात धरायचा, त्याचं वजन करायचं, कानाला भोक पाडायचं, डोळ्याच्या कोपऱ्यातून थेंबभर रक्त घ्यायचं, आणि मग त्याला पुन्हा माझ्याच शेतात, ज्या जागी धरला त्याच जागी अलगद सोडून द्यायचं. बोरसे सरांनी दोन हिवाळे माझ्या बांधावर बसून हे काम केलं. असा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही. मला तो आवडला नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे, ज्यांना जमतं त्यांनी लिहावं. मी चौथी शिकलेला माणूस. मला जसं झालं तसंच लिहिता येतं.

पहिली भेट भुईमूग काढणीच्या दिवसांतली. दसरा झाला होता. मी सकाळी दव असतानाच असोद्याच्या आमच्या मळ्यात गेलो, तर बांधावर एक माणूस गुडघे टेकून बसलेला. अंगात स्वेटर, कानाला मफलर, पुढ्यात पत्र्याचा लांबट डबा. मला वाटलं शेंगा चोरायला आलाय. जवळ गेलो तेवढ्यात त्यानं डब्याचं झाकण वर केलं आणि आतून चांगला पोसलेला उंदीर निघून माझ्या भुईमुगाकडे पळायला लागला. काठी हातात होतीच. एका फटक्यात संपवला.

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलला, कान पाहिला, वही काढली आणि लिहायला लागला.

"काय लिहून राह्यले?" मी विचारलं.

"आठ नंबर. नर. मेला. कारण, शेतमालक." मग वही मिटून तो उभा राहिला, आणि आतापर्यंत पुस्तकी बोलणारा माणूस एकदम अहिराणीत आला. "भाऊ, त्यानी तुमनं काय बिघाडं व्हतं?"

"माह्या शेंगा खाल्ल्या त्यानं."

"त्यानी खाल्ल्या का दुसरानी खाल्ल्या, तुम्हाले काय माहीत?"

उंदरासाठी साक्षीपुरावा मागणारा हा पहिलाच माणूस. मी त्याला तसाच घेऊन घरी गेलो. आमचे नाना, म्हणजे माझे थोरले भाऊ, ओट्यावर बसून दात घासत होते. मी म्हणालो, हा बघा, आपल्या शेतात उंदीर सोडतो. नानांनी शांतपणे चूळ भरली आणि म्हणाले, "मले माहीत हाये. म्या त्याले शब्द देला. दोन हिवाळे. विहिरीपासून सडकेपर्यंतच्या पट्ट्यात औषध टाकायचं नाई अन् उंदीर मारायचा नाई. तू आता काई बोलू नको."

नानांची मुलगी जळगावला कॉलेजात सायन्स शिकत होती, तिचे हे सर. तिनं वडिलांना गळ घातली आणि वडिलांनी शेत देऊन टाकलं. कसणारा मी, शब्द त्यांचा. आमच्या घरात थोरल्याचा शब्द धाकट्यानं मोडायची पद्धत नव्हती, म्हणून मी गप्प राहिलो. पण एक अट घातली. पिंजरे माझ्या जमिनीत लागणार, तर ते मीच लावणार. परक्या माणसाला माझ्या बांधावर संध्याकाळी हिंडू देणार नाही.

सरांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तंबाखू खाता?"

"खातो."

"सोडा. हाताचा वास पिंजऱ्याला लागतो."

मी तंबाखू सोडली नाही. डावा हात तंबाखूला ठेवला आणि उजवा पिंजऱ्याला. त्यांना ते कधी कळलं नाही. ते स्वतः मात्र साबणसुद्धा वापरत नसत. विहिरीवर आले की राखेनं हात धुवायचे. माझ्या घरचा चहा त्यांनी दोन हिवाळ्यांत एकदाही घेतला नाही. "आधी काम, मग तोंड," म्हणायचे, आणि काम संपलं की बस पकडायची असायची. आमच्या बायकोनं पहिला महिनाभर रोज चहा पाठवला. नंतर तिनं कप परत कपाटात ठेवून दिला आणि म्हणाली, तुमच्या मास्तराला माणसाची चव नाही.

सर मूळचे नरडाण्याकडचे, शेतकऱ्याच्याच घरातले. उंच, वाळकुडे, खांदे पुढे आलेले, वय पंचेचाळिशीच्या आसपास. जळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. रोज सकाळच्या पहिल्या बसनं सडकेवर उतरायचे. एका खांद्याला बर्फाचा थर्मास, दुसऱ्या खांद्याला पिशवी, त्यात काचेच्या बारीक नळ्या. पिंजरे चाळीस. विहिरीशी एक नंबर, तिथून बांधाबांधानं पुढे जात सडकेला चाळीस नंबर. संध्याकाळी मी त्यात शेंगदाण्याच्या तेलात बुडवलेला भाकरीचा तुकडा ठेवून दार उघडं करून यायचो. सकाळी दहा-बारा पिंजऱ्यांची दारं पडलेली असायची.

हे सगळं कशासाठी, हे त्यांनी मला नीट सांगितलं ते विहिरीवर हात धुताना, तेसुद्धा मी तीनदा विचारल्यावर. उंदरांमध्ये काही फिरस्ते असतात आणि काही घरकोंबडे. पाच नंबरच्या पिंजऱ्यात सापडलेला एखादा चार दिवसांनी तीस नंबरात सापडतो, आणि दुसरा एखादा महिनाभर नऊ नंबराच्या पुढे जात नाही. एकच शेत, एकच दाणा, मग हा फरक का? सरांचं म्हणणं, ते त्यांच्या रक्तात आहे. रक्तात काही रस उतरतात. ते त्याला संप्रेरक म्हणायचे, मला तो शब्द आजही जड जातो, मी रसच म्हणतो. एक रस नराचा. एक रस धास्तीचा, संकट दिसलं की रक्तात चढणारा. फिरस्त्या उंदराच्या रक्तात कोणता रस किती, आणि बिळाशी बसणाऱ्याच्या रक्तात किती, हे त्यांना मोजायचं होतं.

"जो लांब फिरतो तो धास्तीत जगतो, का जो बिळात बसतो तो धास्तीत जगतो? एवढंच मला माहीत करून घ्यायचंय भाऊ."

मी म्हणालो, "सर, बैल ठेचून खच्ची केला का तो शांत होते, हे माह्या आज्याले माहीत व्हतं. तुमाले त्याच्यासाठी आठ वर्सं लागले?"

"बैल तुम्ही दावणीला बांधता. बांधलेल्याचं मला सांगू नका, मोकळ्याचं सांगा." त्यांच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. कॉलेजात त्यांनी उंदरांसाठी पत्र्याची चाकं केली होती, चाकाला सायकलचा मीटर लावलेला. उंदीर चाकात पळाला की मीटर फिरायचा. पण त्या चाकांवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. "पिंजऱ्यातला काय, पळण्याशिवाय दुसरं करणार काय? मोकळ्याचं सांगा."

"मोकळा उंदीर पोटासाठी पळते," मी म्हणायचो.

"मग पोट भरल्यावर का पळतो?"

"सवय," म्हणून मी तिथून उठलो.

आठ वर्षं हे मी उगाच बोललो नव्हतो. आठ वर्षं ते डॉक्टरेटच्या मागे होते. दोनदा विषय बदलला, एकदा आजारी पडले. ज्या मोठ्या मास्तरांच्या हाताखाली त्यांचं काम चालू होतं ते दुसऱ्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात रिटायर होणार होते. त्यांच्यामागे सरांना हाताखाली घेणारं कोणी नव्हतं, सरांचं कोणाशी पटतच नसे. "त्याच्या आत माझं डॉक्टरेटचं पुस्तक गेलं तर गेलं," सर म्हणाले होते, "नाही तर जन्मभर नुसता सर." त्यांच्यापेक्षा लहान माणसं कॉलेजात डॉक्टर झाली होती आणि त्यांना बसायला सांगत होती. हे त्यांनी माझ्याजवळ एकदाच काढलं. पण त्यानंतर त्यांचं राखेनं हात घासणं पाहिलं की मला ते आठवायचं.

आता मुख्य गोष्ट.

पहिल्या दिवशी पिंजरे लावताना सरांनी मला बजावलं होतं, "सकाळी मी आल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावायचा नाही. दार पडलेलं दिसलं तरी लांबूनच पाहायचं. बाकी तुमची मर्जी."

"का?"

"कारण विचारू नका. सांगितलं तेवढं करा."

हे असं आमच्या गावात सालदारालासुद्धा कोणी बोलत नाही. मी त्यांचा नोकर नव्हतो. शेत माझं, बांध माझा, पिंजरे लावणारा मी, आणि मला कारण विचारायची सोय नाही. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, ठीक.

आमच्यात कामाची एक रीत आहे. कामावर कोणी यायचा असेल तर तो येण्याआधी आपल्याला आपल्या रानाची खबर पाहिजे. वाफ्यात पाणी कुठवर गेलं, कुठला घड वाकला, काल सोडलेलं ढोर कुठे आहे, हे पाहुण्यानं विचारायच्या आत मालकाला सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर तो कसला मालक. म्हणून मी रोज सर यायच्या आधी, दिसायला लागलं की विहिरीपासून निघायचो आणि दार पडलेला एकेक पिंजरा उचलून पाहायचो. तळहातावर घेऊन थोडा तिरपा करायचा. वजन कळतं. आतला उंदीर कसा धडपडतो त्यावरून नर का मादी तेही मला कळायला लागलं होतं. मादी एका कोपऱ्यात दबून जाते. नर भिंतीला घासत सारखा फिरतो. मग पिंजरा होता तसा, होता त्या खुणेवर परत. शेवटचा पिंजरा सडकेजवळचा. तो ठेवेपर्यंत बस यायची.

सर उतरले की मी म्हणायचो, "आज अकरा. तीन, सात, बारा, सतरामध्ये नर. बाविसात गाभण मादी."

सर सडकेकडून एकेक पिंजरा उघडत जायचे आणि तसंच निघायचं. पहिल्यांदा ते हसले. आठवडाभरानं हसणं थांबलं. ते बंद पिंजऱ्याकडे पाहायचे, मग माझ्याकडे पाहायचे. "भाऊ, दार बंद असताना तुम्हाला लांबून कसं समजतं?"

"नजर," मी म्हणालो.

झालं. ही नजर सरांनी कॉलेजात सांगितली, पुतणीनं गावात सांगितली. पारावर लोक मला बंद पेटी दाखवून आत काय आहे विचारायचे, निम्मी थट्टा, निम्मं खरं. पहूरहून आमचा एक सोयरा आला, तो खास माझी नजर पाहायला सकाळी शेतात आला होता. त्याच्यासमोर मी सहापैकी सहा बरोबर सांगितले. त्या दिवशी नानांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून मिशीत हसू आणलं. आयुष्यभर मी धाकटा होतो. त्या हिवाळ्यात मी कोणीतरी झालो.

सर पिंजरा उघडायच्या आधी घड्याळ पाहायचे आणि रक्त नळीत आलं की पुन्हा पाहायचे. कपाळाला थंडीत घाम. मला वाटे, बस चुकेल म्हणून घाई चाललीय. दोन हिवाळे मी असंच समजत होतो.

त्या रक्ताचे निकाल सरांकडे नव्हते. नळ्या बर्फात घालून ते लांबच्या शहरात कुणा ओळखीच्या माणसाकडे पाठवायचे, तिथल्या यंत्रावर रस मोजले जायचे. त्या माणसाला वेळ मिळेल तेव्हा. सगळे आकडे एकदम आले ते दुसरा हिवाळा संपत आल्यावर, गहू पिवळा पडायला लागला तेव्हा. सर त्या दिवशी बसनं न येता सायकल मारत आले. वहीत हिरव्या शाईनं आकडे लिहिलेले.

"भाऊ, हाई काय शे?" ते बांधावरच बसले. "फिरस्त्यात आणि घरकोंबड्यात काही फरक नाही. सगळ्यांच्या रक्तात धास्तीचा रस चढलेला. आणि हे पाहा." त्यांनी बोट फिरवलं. "विहिरीकडच्या पिंजऱ्यांत सगळ्यात जास्त. मग कमी कमी होत सडकेकडे सगळ्यात कमी. दोन्ही वर्षं. एकाच बाजूनं उतरतं."

मला काही कळलं नाही. मी विचारलं, पिंजऱ्यात सापडला तर घाबरेलच ना तो?

तेव्हा त्यांनी मला कारण सांगितलं. दोन वर्षांनी. पिंजऱ्यात रात्र काढली की उंदीर बराच निवतो, निदान सगळे सारखे निवतात. पण पिंजरा हलला, कोणी हाताळला, की धास्तीचा रस रक्तात चढायला लागतो आणि तासभर उतरत नाही. जो आधी हलला त्याच्यात जास्त चढलेला, जो आत्ताच हलला त्याच्यात कमी. म्हणून झाकण उघडल्यापासून तीन मिनिटांत रक्त घ्यायचं, रस चढायच्या आत. म्हणून ते घड्याळ. म्हणून हात लावायचा नाही.

"या बाजूथीन काहीतरी येस भाऊ," सर विहिरीकडे पाहत म्हणाले. "मी यायच्या आधी विहिरीकडून निघतं, बठ्ठा पिंजरासवर जास, आणि सडकेपर्यंत येतं. मुंगूस असेल. तुमची नजर आहे. तुम्ही कधी पाहिलं नाही का?"

मी तिथे उभा होतो. विहिरीकडून निघून सडकेपर्यंत रोज कोण येतं ते मला माहीत होतं. सरांचा चेहरा माझ्याकडे होता, आणि त्या माणसानं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं, मागितल्यासारखं.

"मुंगूस हाये," मी म्हणालो. "दोन-तीन वेळा दिसला."

का बोललो? नजर जाईल म्हणून. पारावर लोक हसतील, नाना पुन्हा तोंड फिरवतील म्हणून. आणि खरं सांगायचं तर रागही होता. पहिल्या दिवशी कारण सांगितलं असतं तर माझ्या हातून हे झालं नसतं.

सरांनी मुंगूस वहीत लिहून घेतला. मी किती वाजता पाहिला, कोणत्या पिंजऱ्यापाशी, तेही विचारलं. एक खोटं बोललं की बाकीचं आपोआप निघतं. सर म्हणाले, वाईट नाही. उंदरावर शिकारी जनावराची धास्ती कशी बसते, असा एक भाग लिहिता येईल. पुस्तक वाया जाणार नाही, वाकडं होईल पण जाईल. मोठे मास्तर रिटायर व्हायला अडीच महिने होते. पुढचे पंधरा दिवस ते माझ्या शेतात मुंगसाची बिळं शोधत फिरले. मुंगूस आमच्या शिवारात असतोच, एक बीळ सापडलंही. त्या दिवशी ते पोरासारखे खूश होते, आणि मी त्यांच्याकडे पाहू शकत नव्हतो.

माझी गव्हाची मळणी त्या आठवड्यात होती. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, ऊन लागलं. तिसऱ्या दिवशी मळणी सोडून मी जळगावला गेलो. कॉलेजात मी त्याआधी कधी पाय ठेवला नव्हता.

सर प्रयोगशाळेत एकटे होते. भिंतीशी ती पत्र्याची चाकं, एकात उंदीर पळत होता, मीटर टिकटिक करत होता. टेबलावर टाइप केलेले कागद. सरांनी मला पाहून खुर्ची सरकवली. मी बसलो नाही.

"मुंगूस नाई सर," मी म्हणालो. "मी हाये."

"म्हणजे?"

"रोज सकाळी मीच पिंजरे उचलायचो. विहिरीपासून सडकेपर्यंत. तिरपे करून पाह्यचो. नजर वगैरे काई नाई."

त्यांनी चष्मा काढला. "किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून."

"बठ्ठा?"

"सगळे."

चष्मा त्यांनी टाइप केलेल्या कागदांवर ठेवला. मग जे विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही. "मंग नर का मादी, हाई कसं समजे तुम्हाले?" मी सांगितलं, कोपरा आणि भिंत. त्यांनी पेन्सिल घेऊन ते लिहून घेतलं. स्वतःचं घर जळत असताना माणूस शेजारच्या झाडाचं नाव विचारतो तसं. मला त्याचाही राग आला.

"तुम्ही कारण सांगितलं असतं तर म्या हात लावला नसता," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तरी तुम्हाला पटलं नसतं."

"ते तुमी ठरवायचं नव्हतं. मले सांगायचं अन् मंग पाह्यचं."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "ती माझी चूक. कारण सांगायची मला सवय नाही, मी चाळीस माणसांसमोर उभा राहून सांगतो, एकट्याला सांगत नाही." मग ते उठले आणि त्यांचा आवाज चढला. "पण मुंगूस? तो कोणी सांगितला? ती माझी चूक नाही. तुम्ही चौथी शिकलात म्हणून तुम्हाला माफ करायचं का? अडाणी आहे, जाऊ द्या, असं म्हणू? नाही म्हणणार. तुम्हाला सगळं समजतं. तुमच्याइतकं उंदराचं या बिल्डिंगीत कोणाला समजत नाही. म्हणून मी माफ करत नाही."

मी म्हणालो, "करूच नका."

आणि निघून आलो. एवढं सांगतो, अडाणी म्हणून त्यांनी मला सोडून दिलं असतं तर मी त्यांची गचांडी धरली असती की काय, सांगता येत नाही. शिकलेल्या माणसांनी मला पुष्कळदा माफ केलंय. शेतकी खात्याचा साहेब, बँकेतला माणूस, पुतणीचा नवरा, सगळे समजून घेतात. मला माझ्या पूर्ण मापानं दोषी धरणारा तेवढा एकच निघाला.

मला वाटलं होतं, तरीही ते पुस्तक देऊन टाकतील. मुंगूस कोण तपासायला येणार होतं? मी बोललो नाही असं समजले असते तर उन्हाळ्यात डॉक्टर झाले असते. पुतणीकडून कळलं, त्यांनी ते टाइप केलेले कागद परत घेतले. मोठे मास्तर रिटायर झाले. तिसरा हिवाळा मिळाला नाही. रक्त मोजून देणाऱ्या माणसाचीही बदली झाली म्हणे. ते कागद पुढे कुठे गेले मला माहीत नाही.

वैशाखात सर पिंजरे न्यायला आले. टेम्पो आणला होता. मी आणि त्यांनी मिळून चाळीस पिंजरे भरले. टेम्पो पाराजवळ थांबला, ड्रायव्हरला पाणी पाहिजे होतं. पारावर आठ-दहा माणसं. त्यांतला एकजण म्हणाला, "काय सर, आमच्या भाऊंची नजर कशी वाटली?"

मी मनात म्हटलं, आता सांगणार. सांगू दे. सांगून मोकळा कर.

"चांगली आहे," सर म्हणाले.

मी टेम्पोमागे सडकेपर्यंत गेलो. तिथे त्यांना थांबवलं. "खरं काऊन नाई सांगतलं?"

"ते माझं नाही," ते म्हणाले. "तुमचं आहे. तुम्ही सांगा." आणि ड्रायव्हरला म्हणाले, चल.

याला मी उपकार मानत नाही. लोक म्हणतील, केवढं मोठं मन. मला ते मोठं मन नको होतं. चार लोकांत त्यांनी मला उघडं पाडलं असतं तर आमची फिटंफाट झाली असती. त्यांनी ते ओझं माझ्याच डोक्यावर ठेवलं आणि निघून गेले. पारावर अजूनही म्हातारी माणसं माझ्या नजरेची गोष्ट काढतात. मी मान हलवतो. इतकी वर्षं हलवतोय.

आम्ही पुन्हा भेटलो नाही. एकदा जळगावच्या बाजारात पाठमोरे दिसले, मी गल्ली बदलली. त्यांनीही मला पाहिलं असेल, सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात सर गेले. कॉलेजात शोकसभा होती, पुतणी मला घेऊन गेली. हॉलमध्ये चांगली गर्दी होती. एकामागून एक बोलले. सर तापट होते, सर शिस्तीचे होते. मग सरांच्या खात्यातले एक डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, बोरसे सर हुशार होते, फक्त चिकाटी कमी पडली, हातात घेतलेलं संशोधन त्यांनी शेवटाला नेलं नाही, हा त्यांचा स्वभाव. लोकांनी माना हलवल्या. मीही तिथे बसलो होतो. माझे गुडघे आता लवकर उठत नाहीत, आणि उठून काय बोलायचं ते जुळेपर्यंत दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. घरी आलो आणि नातवाची वही घेऊन हे लिहायला बसलो. आठ दिवस लागले.

चिकाटी त्यांच्यात माझ्यापेक्षा जास्त होती, आणि मी कमी चिवट नाही. बोरसे सर डॉक्टर झाले नाहीत ते माझ्यामुळे. ते मला आवडत नव्हते, त्यांचा चहा न पिणं मला आजही पटत नाही, पण त्यांच्या नावावर माझी चूक मी राहू देणार नाही. त्या कॉलेजात त्यांच्या जुन्या वह्या कुठे असतील आणि पुढे कोणी उघडतील, तर त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. असोद्याच्या मळ्यातल्या त्या दोन्ही हिवाळ्यांतले धास्तीच्या रसाचे आकडे धरू नयेत. मुंगूस खोडावा. पिंजरे मी हलवले होते.